वाऱ्याने दार ठोठावलं : मराठीच्या शिक्षकांना आणि पेपर काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी शिकवणारे सर्व शिक्षक आणि मराठीच्या प्रश्नपत्रिका, सरावपत्रिका तयार करणारी सर्व मंडळी,

विषय : अलंकार, वृत्त आणि इतर साहित्यिक संज्ञांची उजळणी

सप्रेम नमस्कार.

मी सहावी-सातवीच्या मुलांना मराठी शिकवते. परीक्षेआधी उजळणीचे जे मोजके तास हाती येतात, त्यांत आपण अलंकारांचं आणि वृत्तांचं काय करतो, याबद्दल बरीच वर्षं मनात साठलेलं आज लिहिते आहे. लिहिताना मी तुमच्यातलीच एक आहे हे विसरलेले नाही. ज्या गोष्टींबद्दल तक्रार करणार आहे, त्यांतली जवळजवळ प्रत्येक मी स्वतः केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बाहेरून तयार होऊन आलेल्या एका पेपरात एक प्रश्न होता. 'वारा दार ठोठावतो, कुणी उघडत नाही म्हणून रुसून निघून जातो.' अलंकार ओळखा, गुण एक. माझ्या वर्गातल्या एका मुलीने उत्तर लिहिलं : 'इथे वारा पाहुण्यासारखा वागतो. दार कुणी उघडत नाही म्हणून मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं.' उत्तरसूचीत एकच शब्द होता, चेतनगुणोक्ती. मी तिला शून्य दिलं. तिच्या शेजारच्या मुलाने तो शब्द ऱ्हस्व-दीर्घासकट अचूक लिहिला होता, त्याला पूर्ण गुण दिला. पेपर वाटून झाल्यावर मी त्याला जवळ बोलावून विचारलं, या वाक्यात जिवंत कोण झालंय रे? त्याने बराच वेळ वाक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'दार?'

ते शून्य मला अजून टोचतं. तिने कवितेचं काम बरोबर ओळखलं होतं, फक्त त्या कामाला शास्त्रात काय म्हणतात ते तिला आठवलं नाही. त्याला नाव आठवलं आणि नावापलीकडे काहीच दिसलं नाही. आपली सगळी उजळणी त्याच्यासारखी मुलं घडवण्यासाठी बेतलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आधी व्याख्या, मग खुणेचा शब्द, मग वर्षानुवर्षं तेच ते उदाहरण, आणि शेवटी 'ओळखा'. माझी तुम्हाला विनंती एवढीच आहे की हा क्रम उलटा करा. आधी ओळ कानावर पडू दे, ती काय करते ते मुलांना बोलू दे, आणि नाव सगळ्यात शेवटी येऊ दे.

खुणेच्या शब्दांचं बघा. 'सारखा, समान, प्रमाणे, परी' दिसलं की उपमा. 'जणू, गमे, वाटे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. वेळ कमी असतो, मुलं घाबरलेली असतात, म्हणून आपण हा ठोकताळा त्यांच्या हाती देतो. मी एकदा फळ्यावर लिहिलं, 'सकाळपासून पाऊस सारखा पडतोय.' अर्ध्याहून अधिक वर्गाने उपमा म्हणून हात वर केले. इथला 'सारखा' म्हणजे एकसारखा, न थांबता. तुलना कशाशीच नाही. पुढचं वाक्य लिहिलं, 'मला वाटतं उद्या सुट्टी असेल,' तर उत्प्रेक्षा! मुलं हुशार होती. आपण त्यांना वाक्य वाचायला शिकवलंच नव्हतं, वाक्यात शब्द हुडकायला शिकवलं होतं. आणि तुलना आहे म्हणून लगेच उपमा झाली असंही नाही. 'गवा गाईसारखा दिसतो' ही नुसती माहिती आहे. अशा वाक्याला अलंकार म्हणायचं नाही, हे जुन्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवलंय. तुलनेने मनाला काहीतरी नवं दिसलं पाहिजे.

त्यानंतर मी उजळणीची पद्धत बदलली. ती इथे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा तिच्यात आहे. मी सहा अलंकारांसाठी सहा उदाहरणं घेत नाही. एकच वस्तू घेते आणि तिला सहा वेळा फिरवते. वस्तू वर्गातलीच, फळा.

'फळा रात्रीसारखा काळा आहे.' इथे चारही गोष्टी हजर आहेत : ज्याच्याबद्दल बोलायचंय तो फळा, ज्याची उपमा दिली ती रात्र, दोघांत सामायिक असलेला काळेपणा, आणि दोघांना जोडणारा 'सारखा'. उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द. फळा फळाच आहे, रात्र रात्रच आहे. दोघं शेजारी उभे आहेत आणि मधला टाका दिसतोय.

'फळा म्हणजे जणू भिंतीवर टांगलेली रात्रच!' आता काय झालं, असं विचारलं की मुलं पटकन सांगतात, जवळ आले. 'जणू'ने क्षणभर डोळ्यांना भुलवलं, पण आपण भुलतोय हे आपल्याला माहीत आहे. ती उत्प्रेक्षा.

'फळ्याच्या रात्रीत खडूच्या चांदण्या उगवल्या.' टाका गेला. फळा आणि रात्र वेगळे काढायला गेलं तर वाक्यच मोडतं. आणि पाहा, दोघं एक झाल्याबरोबर खडूलाही चांदणं मिळालं. रूपक असंच पसरतं. एकदा एक गोष्ट मानली की तिच्या सोबतीच्या दहा गोष्टी आपोआप तयार होतात. हे मुलांच्या लक्षात आलं की ती थांबत नाहीत. डस्टरचा ढग होतो, तास संपल्याची घंटा म्हणजे कोंबड्याचं आरवणं होतं.

'हा फळा नव्हे, ही भिंतीवर टांगलेली रात्र आहे.' आता फळ्याला सरळ नाकारलंच. ही अपन्हुती. नाव जड आहे, पण 'नव्हे' म्हणताना मुलं जो ठसका देतात तो ऐकला की नावाचं ओझं राहत नाही.

'फळा रात्रीहूनही काळा आहे, रात्रीला निदान पहाट तरी होते.' हे वाक्य माझं नाही. गणिताच्या तासाला फळ्यासमोर उभं राहायला घाबरणाऱ्या एका मुलाने ते मागच्या बाकावरून म्हटलं. उपमेय उपमानाच्या पुढे गेलं, म्हणजे व्यतिरेक. पण त्या तासाला आम्ही बराच वेळ व्यतिरेक हा शब्द काढलाच नाही. त्या पहाटेबद्दलच बोललो.

आणि शेवटी, 'आमच्या फळ्यासारखा आमचाच फळा.' तुलनेला दुसरं कुणी उरलंच नाही. अनन्वय.

या सहा वाक्यांत मुलांना एक गोष्ट दिसते, ती म्हणजे दोन वस्तूंमधलं अंतर. आधी अंतर आहे, मग ते कमी होतं, मिटतं, मग एक वस्तू दुसरीला ढकलते, मागे टाकते, आणि शेवटी एकटी उरते. एवढं दिसल्यावर नावं पाठ करायला फारसा वेळ लागत नाही, कारण प्रत्येक नाव त्या अंतराच्या कुठल्या टप्प्याचं आहे हे त्यांना माहीत असतं. नावं नकोतच असं मी म्हणत नाही. नावाशिवाय दोघांना एकाच गोष्टीबद्दल बोलता येत नाही. पण पक्षी दिसल्यावर 'याचं नाव काय?' असं मूल विचारतं, तेव्हा ते नाव त्याच्याकडे राहतं. पक्षी न दाखवता दिलेली यादी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून जाते.

दुसरी गोष्ट कोड्यांची. लहान वर्गांत रूपकाची उजळणी करायला मला कोड्याहून चांगलं साधन सापडलेलं नाही. 'लाल गाय, लाकूड खाय, पाणी पिते, मरून जाय.' उत्तर विस्तव, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ते कोडं का झालं, हे विचारून बघा. ज्याच्याबद्दल बोलायचं तो विस्तव वाक्यातून पूर्ण काढून टाकलाय आणि त्याच्या जागी नुसती गाय उभी केली आहे. उपमेय लपवलेलं रूपकच ते. (साहित्यशास्त्रात याला रूपकातिशयोक्ती असं भारदस्त नाव आहे. सातवीत ते सांगायची गरज नाही.) मग विचारा, गाय खोटी आहे हे कुठे कळतं? लाल गाय असू शकते. लाकूड खाणारी गाय जरा विचित्र, पण ऐकून घेऊ. पाणी पिऊन मरणारी गाय मात्र शक्यच नाही. पाण्याने जगायचं असतं. कोड्याची मेख या तिसऱ्या पावलावर आहे, विरोधात. मूल अडखळतं तिथेच, आणि उलगडाही तिथूनच होतो. वर 'लाल', 'लाकूड' हा ल; 'पाणी', 'पिते' हा प, म्हणजे तेच अक्षर पुन्हा येण्याचा अनुप्रास; गाय, खाय, जाय हे यमक. 'पिते' तेवढं यमकात बसत नाही आणि मरणाच्या आधी कान किंचित थांबतो. आठ शब्दांत एवढं सगळं आहे, आणि मुलांनी ते नकळत्या वयात पाठ केलेलं आहे. आपण मात्र अनुप्रासासाठी पाठ्यपुस्तकाबाहेर बघायलाही तयार नसतो.

म्हणींचंही तेच. 'काखेत कळसा, गावाला वळसा.' यमक कुठे, असं विचारलं की 'ळसा' म्हणून लगेच उत्तर येतं. पुढचा प्रश्न विचारा : 'कळशी काखेत आहे आणि माणूस गावभर फिरतोय' असं म्हटलं तर काय जातं? अर्थ तोच राहतो, पण म्हण मेलेली असते. कळसा स्थिर आहे, वळसा फिरतो आहे, आणि दोन्ही एकाच आवाजाने बांधले गेल्यामुळे त्या माणसाचा घोटाळा आपल्याला ऐकू येतो. यमकाचं काम मुलांना इतकं कळलं तरी पुष्कळ झालं.

इथेच पेपर काढणाऱ्यांसाठी एक सांगायचं आहे. संस्कृत साहित्यशास्त्रातलं यमक म्हणजे तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येणं. ओळीच्या शेवटी नुसता आवाज जुळला तर शास्त्र त्याला अंत्यानुप्रास म्हणेल. मराठीत बोलताना मात्र आपण सगळे त्यालाच यमक म्हणतो, आणि कविता करणारेही तसंच म्हणतात. एका पुस्तकात एक व्याख्या, दुसऱ्यात दुसरी, आणि पेपरात चार पर्यायांत यमक आणि अनुप्रास दोन्ही! मोठ्यांच्या या न सुटलेल्या गोंधळात बारा वर्षांच्या मुलाचा गुण कापू नये. ओळ अशी निवडा की उत्तर एकच असेल, नाहीतर दोन्ही उत्तरं ग्राह्य धरा.

वृत्तांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे नुकसान जास्त होतं. वृत्त ही कानाची गोष्ट आहे आणि आपण ती डोळ्यांची केली आहे. मुलं ओळ लिहितात, अक्षरांवर लघु-गुरूच्या, म्हणजे आखूड-लांब उच्चाराच्या, खुणा करतात, तीन-तीनचे गट पाडतात, त्या गटांची नावं म्हणजे गण लिहितात, तक्त्यात बघून नाव लिहितात. या सगळ्यात ओळ एकदाही मोठ्याने म्हटलेली नसते. मी हल्ली वही मिटवायला सांगते. एक ओळ म्हणते :

जरा थांब वाऱ्या, दिवा मंद झाला

आणि मुलांना टाळीवर धरायला लावते. एक आखूड, दोन लांब. जरा थां, ब वाऱ्या, दिवा मं, द झाला. ल गा गा, चार वेळा. तिसऱ्यांदा म्हणताना वर्ग डोलायला लागतो. मग सांगते की बारा अक्षरं, चार य गण, म्हणजे 'यमाचा' चार वेळा, आणि याचं नाव भुजंगप्रयात, सापाची चाल. डोलून झालेलं असतं, त्यामुळे नाव का पडलं ते समजवावं लागत नाही. कुणीतरी हमखास म्हणतं, हे तर मनाच्या श्लोकांसारखं आहे. बरोबर, तेच वृत्त. त्यांच्या तोंडात ते आधीपासून होतं.

एकदा एका मुलाने हात वर करून विचारलं, 'थांब' हा शब्द मधेच का तोडायचा? थां इकडे आणि ब तिकडे? इतका चांगला प्रश्न मला कुठल्याच प्रश्नपत्रिकेत भेटलेला नाही. गणाची हद्द आणि शब्दाची हद्द जुळलीच पाहिजे असं नाही, हे त्याला आपलं आपण सापडलं होतं. मी त्याला ओळ पुन्हा म्हणायला सांगितली आणि विचारलं, म्हणताना तुटतो का? नाही तुटत, म्हणाला. ताल खालून जातो आणि शब्द वरून. दोघांच्या ओढाताणीतून ओळ जिवंत राहते, एरवी ती घड्याळाच्या टिकटिकीसारखी झाली असती.

लघु-गुरूचे नियमही कानावर सोपवले की सोपे होतात. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, असा नियम पाठ केलेलं मूल 'सत्य'मधला स बरोबर गुरू मानतं आणि 'पुन्हा'मधला पुसुद्धा गुरू मानून चुकतं. म्हणून बघितलं तर कळतं की 'सत्य' म्हणताना स वर जोर येतो, 'पुन्हा' म्हणताना पु वर येत नाही. आघात आला तरच गुरू. पुस्तकात हा अपवाद म्हणून खाली छापतात, पण खरा नियम तोच आहे.

कथेच्या संज्ञा, कथानक, पात्र, प्रसंग, वातावरण, यांची मला फार काळजी वाटत नाही. मुलं गोष्टी ऐकत-सांगत वाढतात, शब्द पटकन जुळतात. एकच जागा सांभाळायला हवी. कवितेतला 'मी' म्हणजे कवीच, असं मुलं गृहीत धरतात, आणि आपणही 'कवी म्हणतात की' अशी सुरुवात करायला लावून ते पक्कं करतो. कवितेत झाडही 'मी' म्हणू शकतं. बोलणारा कोण, हा प्रश्न उजळणीत एकदा तरी विचारला जावा.

अलंकाराची जी व्याख्या आपण सांगतो, भाषेला शोभा आणतात ते अलंकार, जसे अंगावर दागिने, तिच्याबद्दलही फेरविचार व्हावा असं मला वाटतं. दागिना काढून ठेवता येतो आणि माणूस तसाच राहतो. लाल गायीच्या कोड्यातून रूपक काढा, काय राहतं? 'विस्तव पाण्याने विझतो.' अलंकार म्हणजे वरून घातलेली वस्तू असं सांगितल्यामुळेच मुलांच्या निबंधांत उपमा चिकटवलेल्या दिसतात. संस्कृत साहित्यशास्त्रकार वामनाने तर सौंदर्य म्हणजेच अलंकार असं सूत्र केलं होतं. आपण त्याला वरच्या सजावटीवर आणून ठेवलंय.

संख्येचंही तसंच. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ती संख्या शंभरापलीकडे नेली. बारीक भेद करण्याचा तो आनंद विद्वानांचा आहे आणि तो मोठा आहे. पण सहावीतल्या मुलाला पंधरा नावांच्या तक्त्याऐवजी चार-पाच अलंकार आतून कळले, तर उरलेले त्याला पुढे आपले आपण भेटतील.

तुमच्यातल्या अनेकांचं म्हणणं मला माहीत आहे, कारण शिक्षकखोलीत मी ते ऐकते. वेळ कुठे आहे? आणि असे प्रश्न तपासायचे कसे, प्रत्येक शिक्षक वेगळे गुण देईल. पहिल्याबद्दल माझा अनुभव असा की फळ्याची सहा वाक्यं एका तासात होतात, आणि सहा व्याख्या पाठ करून घ्यायला मला तीन तास लागायचे, तेही पुन्हा पुन्हा. दुसरी अडचण खरी आहे. म्हणून मी आणि माझ्या एका सहकारी शिक्षिकेने मिळून प्रश्नाचा एक साचा केला : ओळ द्यायची आणि दोन गुण ठेवायचे. अलंकाराच्या नावाला एक, आणि 'या ओळीत काय घडतं ते एका वाक्यात लिहा' याला एक. नाव चुकलं आणि वाक्य बरोबर असलं तर एक गुण मिळतोच. आम्ही दोघींनी एकच गठ्ठा वेगवेगळा तपासून पाहिला आणि नंतर गुण ताडून पाहिले. मतभेद झाले ते थोडक्याच उत्तरांबद्दल, आणि त्या उत्तरांबद्दल बोलताना आम्हालाच त्या ओळी नव्याने कळल्या.

पुढच्या सत्राचे पेपर काढायला घ्याल तेव्हा एक तरी प्रश्न असा ठेवा. गुणदान योजनेत 'योग्य आशयाला गुण द्यावा' ही एक ओळ घाला, म्हणजे तपासणाऱ्याचा हात अडणार नाही. नेहमीची उदाहरणं एक वर्ष बाजूला ठेवून नव्या ओळी द्या. आणि वृत्ताची उजळणी घेताना दहा मिनिटं तरी वही मिटवून ओळ म्हणून घ्या.

वाऱ्याबद्दल वाईट वाटलेली ती मुलगी आता वरच्या वर्गात आहे. त्या वेळचा पेपर तिच्याकडे नसेलच, माझ्याकडेही नाही. पण मागच्या महिन्यात ती मला जिन्यात भेटली, तेव्हा तिला थांबवून मी सांगितलं की तुझं ते उत्तर बरोबर होतं. तिने क्षणभर आठवून पाहिलं आणि विचारलं, 'मग बाई, त्याचं नाव काय होतं?'

आम्ही तिथेच जिन्यात उभ्या राहून तो शब्द फोडला. चेतन, गुण, उक्ती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मराठीची एक शिक्षिका